डॉक्टरच्या नळीवरचे दात

मी एक जुनी लाकडी नळी आहे. मित्रांनो, नळी म्हटल्यावर लगेच चुलीपुढची फुंकणी डोळ्यांसमोर आणू नका. मी डॉक्टरची नळी आहे. माझे एक टोक आजाऱ्याच्या छातीवर, दुसरे डॉक्टरच्या कानाला आणि मध्ये आरपार भोक. खरे काम ते भोकच करते. म्हणजे माझा जो भाग सगळ्यात उपयोगाचा, तो मुळात नाहीच! असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

माझा जन्म कामेन्दोल गावातला, डोंगराच्या अगदी कुशीतला. लाझार कातारी नावाच्या माणसाच्या अंगणात नासपतीचे एक झाड होते. ते झाड इतके गोड होते, की त्याच्या सावलीत बसून कोरा चहा प्यायला तरी साखर लागत नसे. एका हिवाळ्यात गावच्या कल्पाकोव डॉक्टरांच्या परदेशी नळीवर त्यांच्याच घोडीने पाय दिला आणि तिचे तुकडे झाले. बर्फ तर असे पडले होते, की धुराड्यातला धूरसुद्धा बाहेर डोकावून परत घरात येत होता. शहरातून नवी नळी आणणार कशी? डॉक्टर लाझारकडे गेले. लाझार जन्मभर प्लमच्या दारूच्या पिंपांना तोट्या करत आलेला. भोकाची दुसरी कुठलीही वस्तू त्याला ठाऊक नव्हती.

"डॉक्टर, तोटीच करतो, पण सरळ करतो," तो म्हणाला. "चालेल?"

"ऐकू आलं म्हणजे झालं," डॉक्टर म्हणाले.

अशी मी जन्मले. माझे सख्खे भाऊ अजूनही गावातल्या तळघरांत पिंपांना लटकलेले आहेत आणि माझ्यापेक्षा जास्त लोकप्रिय आहेत. पण मान मला होता. मी काय काय ऐकले म्हणून सांगू! गिरणीवाल्याची छाती ऐकली, तर आत जाते फिरत होते. डॉक्टरांनी कान बाजूला केला तेव्हा त्यांच्या मिशीला पीठ लागले होते. एका मेंढपाळाच्या छातीत घंटा वाजत होत्या. त्या ऐकून डॉक्टर त्याला म्हणाले, "अरे, तुझी एक मेंढी मागे राहिली आहे, आधी तिला घेऊन ये." खोटे वाटते? मग माझ्या भोकातून आरपार बघा. कुठे काही लपवलेले दिसते का?

आता माझ्या दुसऱ्या नोकरीबद्दल सांगते, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

आमच्याकडे मूल पहिल्यांदा पाऊल टाकते तेव्हा घरात मोठा गोल रोट भाजतात. शेजारीपाजारी जमतात. दारातून रोट घरात गडगडत सोडतात आणि बाळ त्याच्यामागे दुडूदुडू धावते. पुढे पांढऱ्या कापडावर वस्तू मांडलेल्या असतात. कात्री, फणी, हातोडी, पळी, पुस्तक, आरसा. बाळ जे आधी उचलेल, तेच त्याचे पुढचे आयुष्य. कात्री उचलली तर शिंपी, हातोडी उचलली तर लोहार. यावर वाद नसतो. प्रत्यक्ष आजीनेही यावर वाद घालायचा नसतो.

कल्पाकोव डॉक्टर म्हातारे होत चालले होते. त्यांच्यानंतर या डोंगरात दुसरा डॉक्टर यायला तयार नव्हता. एक जण आला होता, त्याने रस्ता पाहिला आणि त्याच गाडीने परत गेला. म्हणून गावाने ठरवले, की आपला डॉक्टर आपणच पिकवायचा. कुठल्याही घरी पहिल्या पावलांचा रोट भाजला, की डॉक्टरांकडून मला मागून न्यायचे आणि कापडावर अगदी पुढे, बाळाच्या हाताशी ठेवायचे.

आणि मला कोणी हात लावील तर शपथ! पोरे माझ्यावरून ओलांडून पळीकडे जायची. एकीने मला लाथेने बाजूला सारले आणि फणी घेतली. पेन्चो स्ताव्रेव नावाच्या गुटगुटीत बाळाने तर काहीच उचलले नाही. तो रोटावरच बसला आणि उठायला तयार होईना. हा पेन्चो पुढे गावच्या संग्रहालयाचा प्रमुख झाला, तेव्हा गाव म्हणाले, बरोबरच आहे. जे मिळाले त्यावर बसून राहायचे, हेच तर त्या नोकरीत करायचे असते.

मग आली रुमेना. दोब्री भट्टीवाल्याची मुलगी. रोट तिच्या बापाने स्वतः भाजलेला. तिने कात्रीकडे पाहिले नाही, आरशाकडे पाहिले नाही. ती थेट माझ्याकडे आली, दोन्ही हातांनी मला उचलले आणि आपल्या नव्याकोऱ्या दोन दातांनी माझी कड कचकन चावली.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या लाकडाला पुन्हा पालवी फुटेल असे मला वाटले!

दोब्रीने खिडकी उघडली आणि चौकात ओरडला, "नळी! माझ्या पोरीनं नळी उचलली! डॉक्टर जन्मला रे, आपला डॉक्टर जन्मला!" देवळाच्या घंटा वाजल्या. भट्टी थंड होईपर्यंत दोब्री फुकट पाव वाटत होता. त्या गोंधळात रुमेनाने मला घेऊन पुढे काय केले, ते मला आणि आणखी दोघांनाच माहीत होते. ते पुढे सांगते. थोडा धीर धरा. नळीच्या दुसऱ्या टोकाला आवाज पोचायला वेळ लागतोच.

पुढे डॉक्टर वारले आणि मी त्यांच्या मेजाच्या खणात पडले. अंधार, कापूर आणि एक तुटका चष्मा, एवढीच सोबत. बाहेरच्या बातम्या द्यायची ती फक्त गीनामावशी. ती ते घर झाडायची, पुढे संग्रहालय झाले तेव्हा तिथेही तीच आली. धूळ पुसताना आम्हा वस्तूंशी बोलत बसायची तिची सवय. तिच्याकडूनच मला कळले, की रुमेनाला लहानपणापासून सगळे गाव 'डॉक्टरीणबाई' म्हणते. ती खेळायला निघाली तरी लोक तिला अडवून जीभ दाखवतात. ती राजधानीत, सोफियाला, डॉक्टरी शिकायला गेली. आणि दुसरा हिवाळा यायच्या आत परत आली. गळ्यात कॅमेरा होता.

"मी फोटो काढणार आहे, बाबा," ती म्हणाली होती म्हणे.

"नशिबानं हातात दिलेलं तू फेकून दिलंस," दोब्री म्हणाला. "डॉक्टर होऊन ये. तोवर हे दार तुझं नाही."

ती गेली ती गेलीच. गीनामावशी हे सांगताना मला इतके जोरात पुसायची, की माझ्या अंगाची आग व्हायची.

आता या सगळ्याचा शेवट झाला त्या सकाळकडे येऊ या.

संग्रहालयात 'जुन्या डॉक्टरचा दवाखाना' उभा केला होता. आमचेच मेज, आमचेच कपाट, तपासायचा बाक, काचेच्या बाटल्या. कल्पाकोव डॉक्टरांच्या जागी मेणाचा एक डॉक्टर बसवला होता. त्याची मिशी घोड्याच्या केसांची होती आणि दुपारच्या उन्हात ती एका बाजूने खाली यायची. मला त्याच्यापुढे मेजावर ठेवले होते. माझा आनंद काय वर्णावा! पण माझ्यापुढे पेन्चोसाहेबांनी एक पाटी लावली होती: 'लाकडी नळी. उंदराने कुरतडलेली.'

उंदराने! अपमानाने माझे लाकूड तडकायचेच बाकी राहिले.

त्या दिवशी उद्घाटनाच्या मोठ्या चित्रासाठी राजधानीतून फोटोवाली येणार होती. दिवे आले, कॅमेऱ्याची तिपाई आली आणि तिच्यामागून ती आत आली. केस आखूड कापलेले, खांद्याला जड पिशवी. मी तिला लगेच ओळखले. चावणारे माणूस कोण विसरते?

गीनामावशीनेही ओळखले. हातातले फडके कमरेला खोचून तिने आधी तोंड उघडले आणि लांबलचक जीभ बाहेर काढली.

"बघा हो डॉक्टरीणबाई, काय झालंय मला?"

रुमेनाचा चेहरा पडला. "मावशी, तुम्हीसुद्धा?"

"अगं, गंमत केली! ये, जवळ तरी ये. किती वाळलीस! तिकडे पाव मिळत नाही का?"

"मिळतो. असा वास नसतो त्याला." रुमेना खिडकीपाशी गेली आणि चटकन मागे सरली. समोर चौकापलीकडे दोब्रीची भट्टी होती. "मावशी, माझं काम झालं की मी दुपारच्या बसनं जाणार. बाबांना कळू देऊ नका. मला त्या दारापुढं पुन्हा उभं राहायचं नाही."

तेवढ्यात पेन्चोसाहेब ढेरी सावरत आले. हातात मखमलीची पेटी. पेटीत रबरी नळ्यांचा, चकाकणारा, नवाकोरा स्टेथोस्कोप.

"हा ठेवायचा मेजावर," ते म्हणाले. "ती कुरतडलेली तळघरात टाका. चित्रात उंदीर-बिंदीर नकोत. बाहेरून लोक येणार आहेत."

आमच्या तळघरात गेलेली वस्तू परत वर येत नाही. तिथे गेलेला एक पाळणा अजून बाहेर यायची वाट बघतो आहे, आणि आतले बाळ म्हणे आता आजोबा झाले आहे.

रुमेनाने वळून मेजाकडे पाहिले. "ही... हीच का ती?"

"हीच ती," गीनामावशी म्हणाली.

मला वाटले, आता ही मला छातीशी धरणार. पण तिने हात मागे घेतला, चटका बसावा तसा.

"साहेबांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "काढा ती इथून. ती मला चित्रात नकोच आहे."

मित्रांनो, मला उंदराने कुरतडलेली म्हणाले, ते मी सोसले. पण हे! माझ्या शंभर वर्षांच्या कानात असे शब्द कधी पडले नव्हते. गीनामावशीने मला गवत भरलेल्या खोक्यात निजवले आणि माझ्यावरून एकदा बोट फिरवले.

दिवे लागले. मी खोक्यातून नुसते ऐकत होते.

"सरकवा जरा डावीकडे. नाही, चमकतंय. पुन्हा चमकतंय."

"चकाकणारच! नवाकोरा आहे," पेन्चोसाहेब अभिमानाने म्हणाले.

"साहेब, त्याच्यात दिवा दिसतोय, मी दिसतेय, आणि तुमची ढेरीसुद्धा दिसतेय. जुना दवाखाना दिसायचा की तुम्ही?"

गीनामावशी खुदकन हसली. त्यांनी पडदा ओढून पाहिला, स्टेथोस्कोपवर पावडर टाकून पाहिली, मेणाच्या डॉक्टरची मान वळवून पाहिली. मान वळली आणि मिशी पडली. ती चिकटवली तर उलटी लागली. बस सुटायची वेळ जवळ येत होती. शेवटी रुमेना कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिने एक मोठा सुस्कारा सोडला.

"द्या ती लाकडाची. न चमकणारं दुसरं काही नाहीच इथं."

गवत बाजूला झाले आणि मी उजेडात आले! तिने मला बोटांच्या टोकांनी, मेलेला उंदीर धरावा तसे धरले. मेजावर ठेवले. मागे गेली. नाक मुरडले. पुन्हा पुढे आली, मला उचलले आणि बाक, कपाट, मेणाचा डॉक्टर यांच्याकडे एकेक करून बघू लागली. चौकट जुळत नव्हती तिची. अशा वेळी ती मुठीची पोकळ नळी करून तिच्यातून बघते, हे मला मागाहून कळले. पण तेव्हा तिच्या मुठीत मीच होते. तिने एक डोळा मिटला आणि काही विचार न करता मला दुसऱ्या डोळ्याला लावले.

गीनामावशीच्या हातातले फडके गळून पडले.

"तश्शीच! अगं बाई, तश्शीच!"

"काय झालं?" रुमेनाने विचारले. तिचा डोळा अजून माझ्या भोकातच होता.

"त्या दिवशी अगदी असंच केलंस तू! मीच तुझ्या मागं उभी होते, पडशील म्हणून. तू नळी उचललीस, कड चावलीस, आणि मग डोळ्याला लावलीस. त्यातून एकेकाकडं बघत होतीस. माझ्याकडं, डॉक्टरांकडं. आणि हसत होतीस!"

"डोळ्याला?"

"डोळ्याला! डॉक्टर म्हणाले होते, गीना, ही पोर ऐकत नाहीये, ही बघतेय. पण ऐकतंय कोण? तुझा बाप खिडकीतून निम्मा बाहेर, घंटा वाजतायत, लोक पाव झेलतायत. डॉक्टरांचंही बोलणं वाहून गेलं आणि माझ्याही डोक्यातून गेलं. आज तुला बघितलं आणि सगळं समोर उभं राहिलं."

हीच ती गोष्ट, मित्रांनो, जी मी इतकी वर्षे पोटात ठेवून होते. पण नळीला दोन तोंडे असूनही बोलता येत नाही, याला काय करणार!

रुमेना खाली बाकावर बसली. तिचे बोट माझ्या कडेवर फिरले आणि त्या दोन खळग्यांवर येऊन थांबले.

"म्हणजे हे दात..."

"तुझे," गीनामावशी म्हणाली.

"उंदराचे नाहीत?" पेन्चोसाहेब पुढे वाकून म्हणाले.

"नाही हो साहेब. हा घ्या तुमचा उंदीर, बाकावर बसलाय!"

रुमेना हसू लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. तोवर गीनामावशी खिडकीपाशी पोचली होती. रुमेना "मावशी, नको!" म्हणेपर्यंत खिडकी उघडली होती आणि मावशीचा आवाज चौकापार गेला होता.

"दोब्री! अरे दोब्री! डॉक्टरकडं तुझा नंबर लागलाय! लवकर ये!"

दोब्री आला तो हातातला पाव काढायचा लांब दांडा तसाच घेऊन. भुवयांवर पीठ, दाढीवर पीठ. दारातच थबकला. लेकीकडे पाहिले, मग कॅमेऱ्याकडे, मग जमिनीकडे.

"बस कधी आहे?" त्याने विचारले.

"दुपारची," रुमेना म्हणाली.

"मग अजून आहे वेळ."

त्याने दांडा या हातातून त्या हातात घेतला. माझे लाकूड सुकलेले नसते तर मला घाम फुटला असता. शेवटी गीनामावशीनेच सगळे सांगितले, हातवारे करून, दोनदा. दोब्री ऐकत राहिला.

"डोळ्याला?"

"डोळ्याला."

"मी खिडकीत होतो," दोब्री सावकाश म्हणाला. "मी पोरीकडं बघितलंच नाही. मी गावाकडं बघत होतो."

त्याने दांडा भिंतीला टेकवला, येऊन मला उचलले. त्याचा हात भट्टीसारखा ऊबदार होता. एक डोळा मिटून त्याने मला दुसऱ्या डोळ्याला लावले आणि लेकीवर रोखले. कितीतरी वेळ तो तसाच उभा होता. त्याच्या पापणीचे पीठ माझ्या भोकात पडत होते.

"काय दिसतंय, बाबा?"

"यातून दुसरं काही दिसतच नाही गं," तो म्हणाला. "गाव नाही, डॉक्टर नाही. नुसती तूच दिसतेस."

पेन्चोसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि धूळ फार झाली आहे असे काहीतरी पुटपुटले.

दोब्रीने सदऱ्याची वरची बटणे काढली आणि मेणाच्या डॉक्टरपुढच्या स्टुलावर बसला. "बघत काय बसलीस? रोगी नाही तर दवाखाना कसला? काढ फोटो."

रुमेनाने माझे एक टोक मेणाच्या डॉक्टरच्या हातात अडकवले आणि दुसरे बापाच्या छातीवर टेकवले. किती वर्षांनी माझ्या भोकाला छाती भेटली! मी आतापर्यंत थापा मारल्या असतील, गिरणी आणि मेंढ्या तुम्ही सोडून द्या. पण हे खरे सांगते. त्या म्हाताऱ्याचे काळीज लहान पोरासारखे धावत होते, रोटाच्या मागे धावावे तसे.

"हलू नका, बाबा!"

"मी हलत नाहीये. ते आतलंच हलतंय!"

खट्!

त्या दुपारी बस गेली ती रुमेनाला न घेताच. दोब्रीने भट्टीतून मोठा गोल रोट आणला आणि संग्रहालयाच्या उंबऱ्यावरून आत सोडला. पेन्चोसाहेब ओरडत राहिले, "अहो, चुरा पडतोय! फरशी!" रोट गडगडत दवाखाना ओलांडून गेला आणि रुमेनाच्या तिपाईला टेकून थांबला. पहिला तुकडा पेन्चोसाहेबांनीच मोडला. सवय जुनी आहे त्यांची.

ते चित्र आता दारावर लावले आहे. त्यात मेणाच्या डॉक्टरची मिशी उलटी आहे, पण तिकडे कोणी बघत नाही. माझी पाटीही बदलली: 'लाकडी नळी. रुमेना दोब्रेवा हिने चावलेली. खुणा पुसू नयेत.'

म्हणून मित्रांनो, या म्हातारीचे एवढे ऐका. जुन्या वस्तू खुशाल पुसा, त्यांच्यावर धूळ साचू देऊ नका, त्यांना तळघराचा अंधार दाखवू नका. पण पुसायच्या आधी विचारा, की हा ओरखडा कोणाचा, हे दात कोणाचे. आणि तुमच्या घरात एखाद्या बाळाने माझ्यासारखी नळी उचललीच, तर लगेच खिडकी उघडून गावाला ओरडून सांगू नका. खिडकीकडे पाठ करा, खाली बसा आणि ते नळी कुठे लावते आहे, तेवढे आधी बघा.